ऐकलंत का, निळ्या दाराच्या वहिनींनी गाडी कितीला घेतली?

अहो, ऐकलंत का? जरा इकडे या ना कुंपणाशी. मोठ्याने बोलायची सोय नाही, नागपूरकरांची खिडकी उघडी आहे. काल तुम्ही चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला आला नाहीत आणि काय गमावलंत म्हणून सांगू! डाळ-पन्हं सोडा हो, ते दर वर्षीचंच. पण काल नागपूरकर भावजींचा चेहरा… नाही, थांबा, मुळापासून सांगते, नाहीतर मजा जाईल.

तर निळ्या दाराच्या वहिनींनी पांढरी सीआर-व्ही घेतली, ती तुम्ही पाहिलीत. आणि नागपूरकर भावजींनी करडी घेतली, तीही पाहिलीत. पाहिलीत म्हणजे काय, दाखवल्याशिवाय ते या रस्त्यावरून कुणाला पुढे जाऊ देतात? दोन्ही हायब्रिड, एकच मॉडेल, आतलं लेदरसुद्धा एकच. दोन दिवसांच्या अंतराने दोन ड्राइव्हवेवर आल्या. भावजींनी मंडळाच्या पाडव्याच्या कार्यक्रमात स्टेजखाली उभं राहून भेटेल त्याला सांगितलं, "इन्व्हॉइस प्राइसला उचलली! डीलरला एक पैसा सुटू दिला नाही!" वहिनी मात्र गप्प. त्यांचा स्वभावच तो. लायब्ररीत काम करून करून बोलणंच कमी झालंय त्यांचं. कुणी विचारलं, तर "हो, घेतली बाई एकदाची" एवढंच.

आता भावजींची गाडी कशी आली, ते ऐका. भावजींच्या आई, आपल्या काकू, आल्यात ना नागपूरहून, त्यांचा हट्ट, गाडी पाडव्यालाच दारात यायला हवी. यंदा, म्हणजे २०२५ ला, पाडवा आला रविवारी, ३० मार्चला. आणि आपल्या न्यू जर्सीत रविवारी गाड्या विकायला कायद्यानेच बंदी! एवढे मोठे शोरूम, पण रविवारी सगळीकडे कुलूप. भावजींची इतकी वर्षं इथे गेली, पण हे त्यांना गुरुवारी कळलं. मग शनिवार? तर शनिवारी अमावस्या. नुसती अमावस्या असती तर एक वेळ चाललं असतं, पण त्या दिवशी सूर्यग्रहणही होतं, आठवतंय ना? उगवला तोच कुरतडलेला सूर्य! काकू म्हणाल्या, "ग्रहणाच्या दिवशी गाडी? तुझ्या बाबांनी अशा दिवशी सायकलसुद्धा घेतली नसती." भावजी मग कॉम्प्युटर उघडून बसले. इथल्या घड्याळाने अमावस्या शनिवारी सकाळी सातलाच संपते, म्हणजे पुढे प्रतिपदाच, हे त्यांनी काकूंना पटवलं. काकू कालनिर्णय हातात धरून तासभर बसल्या, शेवटी म्हणाल्या, "बरं. पण नारळ मी स्वतः फोडणार."

आणि इथेच सगळं फिसकटलं बघा. शनिवारी सकाळी ही मंडळी शोरूममध्ये शिरली ती कशी? पुढे भावजी, मागे नागपूरकर वहिनी, त्यामागे नऊवारीतल्या काकू आणि काकूंच्या हातात नारळ, हळदकुंकवाचं तबक! सेल्समन कोण, तर आपला गुजराती मुलगा. त्याने भावजींकडे पाहिलंच नाही. तबकाकडे पाहिलं आणि म्हणाला, "मासी, सारो दिवस छे ने?" झालं! त्याला कळलं, ही माणसं आज गाडी घेतल्याशिवाय जात नाहीत. ज्याला आजच घ्यायचीय, त्याला कोण कमी करून देतो हो?

भावजी काही अगदीच बिनतयारीचे गेले नव्हते, बरं का. त्यांनी आठवडाभर आधी एका साइटवर फॉर्म भरला होता. कुठल्या ते विचारू नका, सगळ्यांची तीच तऱ्हा. नाव, पत्ता, खरा मोबाइल नंबर, रोजचा ई-मेल, सगळं प्रामाणिकपणे भरलं. भावजींना वाटलं, आता स्क्रीनवर किंमत दिसेल. दिसलं काय, तर "धन्यवाद, आमचे डीलर तुमच्याशी संपर्क साधतील." आणि असा साधला म्हणता! वधूवर सूचक मंडळात मुलीचं नाव घातल्यावर जसे फोन येतात ना, पहाटेपासून रात्रीपर्यंत, तसे. ऑफिसच्या मीटिंगमध्ये फोन, जेवताना फोन, काकूंच्या रामरक्षेच्या वेळी फोन. एकदा तर काकूंनीच उचलला. तो पलीकडचा इंग्रजीत विचारतोय, "कुठला रंग आवडेल, मॅम?" आणि काकू मराठीत सांगतायत, "आधी हे सांग, तू कुणाचा कोण?" भावजी इतके कावले की नंबर ब्लॉक करत सुटले. त्यात एखादा खरा आकडा सांगणाराही ब्लॉक झाला असेल, कुणास ठाऊक.

अहो, त्या साइटना पैसे कोण देतं? तुम्ही-आम्ही नाही देत, डीलर देतात. आपलं नाव आणि फोन नंबर, हाच तिथला माल. हे भावजींना कुणी सांगायचं? ते आयटीत आहेत ना, त्यांना कुणी काही सांगायचं नसतं.

तर काय सांगत होते… हां, शोरूम. तिथे सेल्समनने पहिला प्रश्न विचारला, "सर, महिन्याला किती जमेल?" आणि भावजींनी सांगून टाकला की हो आकडा! त्यानंतर म्हणे तो मुलगा एक कागद घेऊन बसला, त्यावर चार चौकोन. एकात नव्या गाडीची किंमत, एकात जुन्या कॅमरीची, एकात डाउन पेमेंट, एकात हप्ता. भावजी इकडे हप्ता खाली ओढतायत, तिकडे कॅमरीची किंमत गुपचूप खाली सरकतेय. कॅमरीची वर ओढली, तर कर्ज साठ महिन्यांचं बहात्तर झालं. दर दहा मिनिटांनी मुलगा उठून "मॅनेजरला विचारून येतो" म्हणून आत जाणार. आत काय करत असेल हो? मला तर वाटतं, चहा पीत असेल. दुपारचं जेवण बुडालं, काकूंनी पर्समधले लाडू काढले. सेल्समननेही एक खाल्ला, हे नागपूरकर वहिनींनीच सांगितलं मला.

शेवटी एक बाई, फायनान्सवाली, आतल्या खोलीत घेऊन गेली. दमलेल्या माणसाला तिथे नेतात, ते काय उगीच नाही! एक्स्टेंडेड वॉरंटी, रंगाला कोटिंग, सीटला कोटिंग, काचेवर नंबर कोरून देणं, आणि टायरमध्ये नायट्रोजन. अहो, नायट्रोजन! हवेत तो मुळातच अठ्ठ्याहत्तर टक्के आहे, हे आपण सातवीत शिकलो. भावजी इंजिनियर असून त्यांनी त्याचे पैसे मोजले. वर डॉक फी, म्हणजे कागदपत्रं करण्याचे पैसे. न्यूयॉर्कात तिला १७५ डॉलरची मर्यादा आहे, आपल्याकडे मर्यादा नाही, मग लावतात वाटेल तशी. संध्याकाळी काकूंनी पार्किंग लॉटमध्ये नारळ फोडला, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, सेल्समनने फोटोही काढला. आणि त्या फोटोखाली भावजींनी लिहिलं, "इन्व्हॉइस प्राइस!"

आता निळं दार.

वहिनींनी काय केलं, ते मला काल त्यांच्या लेकीकडून कळलं, ती बारावीतली हो, बोलकी आहे, आईवर गेलेली नाही. पाडवा-बिडवा काही डोक्यात नव्हता त्यांच्या. मार्च लागला तशी सुरुवात केली. आधी एक नवा ई-मेल उघडला, फक्त गाडीसाठी. फोन नंबरही वेगळा, तो गूगल व्हॉइसचा फुकट मिळतो ना, तो. फोन वाजला तरी घरात आवाज नाही, आपल्या सवडीने मेसेज वाचायचे. मग साइट पाहिल्या, पण पाहिल्या त्या माहितीपुरत्या. एडमंड्स पाहिली, केली ब्लू बुक पाहिलं. ही नावं काही आजची नाहीत, बरं का. केलीचं पुस्तक १९२६ पासूनचं, एडमंड्सची छापील पुस्तकं १९६६ पासूनची, घरोघरी कॉम्प्युटर नव्हते तेव्हा. ट्रूकारवर आसपासचे लोक काय भाव देतायत, तोही पाहिला. कॉस्टकोचं कार्ड आहेच, त्यांच्या ऑटो प्रोग्रॅमचा भावही मागवला. पण कुठल्याच आकड्याला वहिनींनी शेवटचा आकडा मानलं नाही. लेक म्हणते, "आई म्हणाली, हा भाव सुरुवातीचा, आपलं बोलणं इथून पुढे."

मग काय केलं, तर डीलरांच्या इंटरनेट डिपार्टमेंटला सरळ पत्रं पाठवली. शोरूमच्या दारातल्या लोकांना नाही, हं. इंटरनेटवाले वेगळे बसतात, त्यांचं काम नुसतं ई-मेलवर गाड्या काढणं. रूट वनवरचे, रूट बावीसवरचे, आणि नदीपलीकडे पेनसिल्व्हेनियातले लँगहॉर्नकडचेही. सगळ्यांना एकच पत्र, अक्षर न बदलता. हे मॉडेल, हे ट्रिम, हे दोन रंग चालतील, तुमच्या लॉटवर असलेल्या गाडीचा नंबर कळवा, आणि आउट-द-डोअर किंमत ओळीओळीने लिहून द्या. आउट-द-डोअर म्हणजे टॅक्स, रजिस्ट्रेशन, डॉक फी, सगळं धरून किती रकमेचा चेक फाडू, तेवढंच सांगा! हप्त्याबद्दल एक शब्द नाही. खाली लिहिलं, "मी मार्चअखेर गाडी घेणार आहे, आणि सर्वांत चांगला लेखी भाव देणाऱ्याकडून घेणार आहे." संपलं पत्र.

उत्तरं कशी आली, ते ऐका, हेच तर मजेचं. निम्म्यांनी आकडाच दिला नाही. "मॅडम, कधी येताय? आम्ही कुणाचाही भाव मोडू." वहिनींनी त्यांना उत्तरच दिलं नाही. एकाने रोज एक मेल पाठवला, रोज नव्या नावाने, सोमवारी केव्हिन, मंगळवारी ब्रायन, आणि मजकूर तोच! एकाचा आकडा इतका खाली की लेक उड्या मारायला लागली. वहिनींनी चष्मा लावून बारीक अक्षरं वाचली. त्या किमतीत नवीन पदवीधर असल्याची सूट, सैन्यात असल्याची सूट, आधीपासून त्याच कंपनीची गाडी असल्याची सूट, सगळ्या सवलती आधीच धरलेल्या, आणि गाडी कारखान्यातून आणण्याचा खर्च मात्र वगळलेला. वहिनी म्हणाल्या म्हणे, "या घरात सैन्यात कोण गेलंय ते विचार बाबांना." एवढ्या गंभीर बाईला विनोद सुचतो हो अधूनमधून.

खरे आकडे उरले चार-पाच जणांचे. मग वहिनींनी खालच्याचा आकडा वरच्याला कळवला. डीलरचं नाव नाही सांगितलं, आकडा तेवढा सांगितला, आणि विचारलं, "याच्या खाली येता का?" एक आला. मग त्याचा आकडा दुसऱ्याला. असं आठवडाभर, रोज रात्री जेवणानंतर, भांडी डिशवॉशरमध्ये लावून झाली की. आवाज चढवायचा नाही, घासाघीस नाही, कुणाचा लाडू कुणी खाल्ला नाही.

आणि मध्येच ते टॅरिफ आलं! २६ मार्चला, बुधवार होता, ट्रम्पसाहेबांनी बाहेरून येणाऱ्या गाड्यांवर पंचवीस टक्के जाहीर केले, ३ एप्रिलपासून लागू. तुम्हाला आठवतंय, त्या शनिवारी सगळे कसे घाबरून गाड्यांच्या मागे लागले होते? वहिनींच्या डीलरांपैकी दोघांनी गुरुवारी सकाळीच हात वर केले. "सॉरी मॅडम, मॅनेजर म्हणतात तो भाव आता नाही." लेक रडवेली झाली, बाबा म्हणाले, घेऊन टाकू मिळेल त्या भावाला. वहिनींनी काय करावं? बाकीच्यांना दोन ओळी लिहिल्या. "तुमचा लेखी भाव या गाडीच्या नंबरासकट माझ्याकडे आहे. सोमवारी ३१ तारखेला चेक घेऊन येऊ का?" सोमवार म्हणजे महिन्याचा शेवट आणि तिमाहीचाही. डीलरला कंपनीकडून ठराविक गाड्या खपवल्याचा बोनस असतो, तो मोजतात महिनाअखेरीला. रूट बावीसवाल्याने तासाभरात उत्तर दिलं, "या."

आणि सोमवारी गेल्या त्या लायब्ररीतून सुटून. हातात नारळ नाही, तबक नाही, ई-मेलची प्रिंट आणि पेन्सिल. क्रेडिट युनियनचं कर्ज आधीच मंजूर करून ठेवलेलं, म्हणून फायनान्सच्या खोलीत त्या माणसाला म्हणाल्या, "तुमचा व्याजदर यापेक्षा कमी असेल तर सांगा, नाहीतर राहू दे." नव्हता. वॉरंटी? नको. नायट्रोजन? वहिनींनी नुसतं पाहिलं त्याच्याकडे, लायब्ररीत मोठ्याने बोलणाऱ्या माणसाकडे पाहतात तसं. एका ओळीत तीनशेचं काहीतरी जास्तीचं दिसलं, त्यावर पेन्सिलने गोल केला आणि कागद परत सरकवला. चूक झाली म्हणाला, काढलं. जुनी गाडी? कारमॅक्सचा लेखी भाव आधीच आणलेला, सात दिवस चालतो तो. डीलरने तेवढेच दिले. तेवढेच का घेतले म्हणाल, तर जुनी गाडी डीलरला दिली की आपल्याकडे टॅक्स फरकाच्या रकमेवर लागतो, ६.६२५ टक्के वाचले ना तेवढ्यावरचे! माझ्या तर डोक्यातही आलं नसतं.

टॅक्सवरून आठवलं, डॉक्टरीणबाईंचे यजमान, माहितीय ना, डेलावेअरला गेले होते गाडी आणायला, तिथे सेल्स टॅक्स नाही म्हणून? अख्खा शनिवार घातला, टोल भरला, आणि इथे येऊन रजिस्ट्रेशन करताना न्यू जर्सीचा टॅक्स भरलाच की! गाडी नोंदवाल तिथला टॅक्स लागतो, घ्याल तिथला नाही. त्यांनी ते कुणाला सांगितलेलं नाही, बाईंनी मला सांगितलं. पण तो विषय वेगळा…

तर काय सांगत होते! काल. हळदीकुंकू.

सगळ्या बसल्या होत्या, गौर छान सजवली होती, कलिंगडाचं कमळ केलं होतं कुणीतरी. ओट्या भरून झाल्या. नागपूरकर वहिनींनी विषय काढला, आम्ही नव्हता काढला. म्हणाल्या, "आमच्या ह्यांनी तर इन्व्हॉइसला मिळवली हो, तुम्ही पण ह्यांनाच बरोबर न्यायला हवं होतं." निळ्या दाराच्या वहिनी पन्हं ओतत होत्या, ओतत राहिल्या. पण लेक! ती पटकन नागपूरकर वहिनींना म्हणाली, "काकू, इन्व्हॉइस म्हणजे डीलरची खरी किंमत नसते. कंपनी त्याला नंतर परत देते थोडे, होल्डबॅक म्हणतात. आम्ही इन्व्हॉइसच्या खाली घेतली." आणि आकडा सांगून टाकला! आउट-द-डोअर, टॅक्ससकट!

अहो, खोलीत असं शांत झालं ना… चमच्याचासुद्धा आवाज नाही. नागपूरकर वहिनींचा चेहरा आधी लाल झाला, मग हसू आणायला गेल्या, ते अर्ध्यातच अडकलं. डॉक्टरीणबाई पर्समध्ये काहीतरी शोधायला लागल्या. आणि मी मनात वजाबाकी केली. फरक चार आकडी होता, आणि पहिला आकडा एक नव्हता, एवढंच सांगते. आणि नेमके त्याच वेळी भावजी बेसमेंटमधून आयपीएल संपवून पन्ह्याच्या आशेने जिना चढून वर!

"काय झालं?" म्हणाले. कुणी बोलेना. मग नागपूरकर वहिनीच म्हणाल्या, "यांनी आपल्यापेक्षा स्वस्त घेतली." भावजी हसले, तुम्हाला माहितीय ते कसं हसतात, वरच्या पट्टीत. म्हणाले, "हां, म्हणजे टॅरिफच्या आधी घेतली असेल. आपण तर ऐन गर्दीत…" आणि इथे, अहो, इथे काकू बोलल्या. तोवर कोपऱ्यात बसून भिजवलेले हरभरे खात होत्या. म्हणाल्या, "त्यांची सोमवारी आली, आपली शनिवारी. टॅरिफ काय फक्त शनिवारचं होतं?"

मी पदर तोंडाला लावला हो. ड्रेसला पदर नव्हता, तरी लावला.

भावजींनी मग फ्लोअर मॅट फुकट मिळाल्याचं सांगितलं, नायट्रोजनने मायलेज वाढतं म्हणाले, डीलर ओळखीचा झाला म्हणजे पुढे सर्व्हिसला उपयोग होतो, असंही. कुणी ऐकत नव्हतं. सगळ्या बायका लेकीभोवती. "तो ई-मेल कसा उघडायचा गं?" "ट्रिम म्हणजे काय?" काकूंना एकच दुःख, "मग मी नारळ कुणाच्या नावानं फोडला?"

पण खरी गोष्ट पुढची, आणि ती फक्त मला माहितीय, कारण मी भांडी ठेवायला आत गेले होते. वहिनींनी नागपूरकर वहिनींना किचनमध्ये बाजूला घेतलं. हळूच म्हणाल्या, "गाडीचं झालं ते झालं. पण ती एक्स्टेंडेड वॉरंटी रद्द करता येते. लवकर केलीत तर बहुतेक पैसे परत मिळतील. हातात येणार नाहीत, कर्जातून वजा होतील. कागदावर रद्द करण्याचा पत्ता असेल, लेखी कळवा, फोन नको." आणि आणखी कुणासमोर एक अवाक्षर नाही. नागपूरकर वहिनींच्या डोळ्यांत पाणी आलं हो. मलाही आवडलं ते. जिंकलेल्या माणसाने एवढं सांभाळून घेणं, ते आपल्याकडे फारसं दिसत नाही, खोटं कशाला बोलू.

आणि आज सकाळी काय ऐकलं? भावजी पोस्टाच्या पेटीपाशी समोरच्या तमिळ शेजाऱ्यांना सांगत होते, "आय डिस्कव्हर्ड, यू कॅन कॅन्सल द वॉरंटी!" डिस्कव्हर्ड म्हणे! असो. पुरुषांना डिस्कव्हरी करू द्यावी, घरात शांतता राहते.

माझं म्हणाल, तर मला त्या सेल्समन मुलाचं काही वाईट वाटत नाही आणि रागही नाही. त्याचंही पोट त्या कामावरच आहे. वाईट कशाचं वाटतं सांगू? सरकारने डीलरांच्या या असल्या चलाख्यांवर नियम केला होता, एफटीसीने, म्हणजे फेडरल ट्रेड कमिशनने, डिसेंबर २०२३ मध्ये. खरी किंमत सांगा, निरुपयोगी वस्तू गळ्यात मारू नका, असं साधं होतं. डीलरांच्या संघटना कोर्टात गेल्या आणि जानेवारी २०२५ मध्ये कोर्टाने तो उडवला. म्हणजे आता प्रत्येकाने आपली पेन्सिल आपण न्यायची. कंपनीकडून थेट गाडी घ्यावी तर बहुतेक राज्यांत तेही कायद्यात बसत नाही. टेस्लाला आपल्या न्यू जर्सीने २०१४ साली थेट विकायला बंदी घातली होती, पुढच्या वर्षी कायदा बदलून चार दुकानांची परवानगी दिली. तोवर लोक टेस्ला आणायला न्यूयॉर्कात जात होते म्हणे.

पुण्याला माझी भाची म्हणते, "मावशी, आमच्याकडे एक्स-शोरूम किंमत ठरलेली असते, तुमच्यासारखं नाही." मग मी विचारलं, "इन्शुरन्स कुणाकडून घेतलास?" तर गप्प. डीलरकडूनच घेतला होता, बाहेर न विचारता. म्हणजे तिथेही तीच गत, फक्त कागद वेगळा.

बरं, ते जाऊ दे. तुमची लीज जूनमध्ये संपतेय ना? हो, तुमच्याच मिस्टरांनी आमच्या ह्यांना सांगितलं, लपवता काय! तर आत्ताच सांगून ठेवते, कुठलाही फॉर्म खऱ्या फोन नंबरने भरू नका, नवा ई-मेल आजच उघडा, आणि कुणी "महिन्याला किती जमेल" म्हणालं तर सांगा, आउट-द-डोअर लिहून द्या, मग बोलू. आणि महिनाअखेरीला जा, मुहूर्ताला नको. वहिनींकडून ते पत्र मागून घ्या, देतील त्या, नाही म्हणायच्या नाहीत. फक्त मी सांगितलं म्हणून सांगू नका, हं!